धुरीवर

अकोल्याच्या स्पर्धेत रागिणीची गाडी दुसऱ्यांदा उताणी पडली. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांची, दोन मोटारींची ती गाडी तिनं वर्षभर खपून जुळवली होती. पण उभा चढ आला, की पुढची चाकं हवेत जायची. आता एकच फेरी उरलेली. तेवढ्यात प्रेक्षकांतून तिचे वडील महादेवराव ओरडले, "पोरी, गाडी उलाळ होऊन राहिली! धुरीवर बस!" सभागृह खदखदून हसलं. रागिणी मात्र चमकली. भाजीनं भरलेली बैलगाडी चढावर मागं कलली, की बाबा पुढं सरकून धुरीवर, बैलांच्या शेपटांशी बसायचे. तिनं मागची बॅटरीची जड डबी काढून पुढच्या टोकावर बसवली आणि बटण दाबलं. चाकं चढाला चिकटली, गाडी माथ्यावर पोचली. हसणाऱ्यांनीच टाळ्या पिटल्या. महादेवराव खुर्चीच्या टोकावर पुढं झुकलेलेच होते. रागिणी ओरडली, "बाबा, टेका आता मांगं! चढली आपली गाडी!"