उकाड्याची गोळी

“आई, आज उकडतंय का गं?”

हा प्रश्न घरी विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. हर्षालीने तो भर जेवणात विचारला. नागपुरात त्या दुपारी चोपन्न डिग्री होती.

“नाही बाप्पा! सकाळीच गोळी घेतली ना,” आई म्हणाली. ती नुकतीच गच्चीवरच्या कुरडया उलटून आली होती.

सरकारी गोळी येऊन सहा वर्षं झाली होती. ती घेतली की उकाडा, चटका काहीच कळायचं नाही. दरवर्षी पारा एकेक डिग्री चढत होता, पण कुणाला उकडतच नसल्यामुळे कुणी काही बंद करत नव्हतं. घरातला एसी टीव्हीसाठी चालायचा, कारण टीव्ही गोळी घेत नाही. बाबा कोपऱ्यावरून दही आणायलाही कार न्यायचे. आत्ताही ती फाटकाशी सुरूच होती, नाहीतर तिचा स्क्रीन तापला असता.

हर्षालीचं लक्ष फरशीकडे गेलं. आईच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते. तिने वाकून पाहिलं, तर तळव्यांवरचे फोड फुटले होते.

“आई, चप्पल?”

“राहिली वाटतं. काही होत नाही गं, जेव तू.”

“मलम लाव तिला,” बाबा मान वर न करता म्हणाले, “अन् भात वाढ.”

हर्षालीने मलम लावलं. भातही वाढला.

“आईबाबा, उद्यापासून मी गोळी घेणार नाही.”

“काहून?”

“घरात एकीला तरी चटके बसायलाच हवेत. मी ओरडेन, आणि तुम्हाला ते ऐकावं लागेल.”