पाटाकडेचा रस्ता

हमरस्त्यावर ट्रक फार, म्हणून मार्थाने रविवारची सायकलसहल प्रवरेच्या पाटाच्या कडेने काढली. इथे मोटार नव्हती, नुसता ऊस आणि मोकळं आभाळ. पण पाट तुडुंब भरून वाहत होता. नवऱ्यापुढे दांडीवर बसलेल्या लेकीला, लिडियाला, तिने जुन्या पातळाने त्याच्या कमरेशी बांधून टाकलं. “आता मी पडलो की हीपण,” नवरा हसला. “म्हणूनच तुम्ही पडणार नाही.” लिडियाने मान वळवली. “आई, तुला कुणीच बांधलं नाही. तू पडलीस तर?” “मी कशाला पडेन? कॉलेजला रोज सायकलनेच जायचे.” “मग मला तुझ्याच सायकलवर घे ना.” मार्थाने गाठ सोडली, पोरीला आपल्यामागे बसवलं आणि निघाली ती सुसाट. “अगं, हळू, शेजारी पाट आहे,” मागून नवरा ओरडला. “कुठाय पाट?” मार्थाने पुढूनच विचारलं.