गिरकी

प्रतापरावांच्या बोटीची कड नारिंगी बोयाला घासली तेव्हा मीना शर्यतीवर देखरेख ठेवणाऱ्या मोटरबोटीत, त्यांच्यापासून वीस हातांवर उभी होती. घासली म्हणजे चांगलीच घासली. हवा भरलेला तो कमरेएवढा बोया एका अंगाला कलला आणि डोलत राहिला.

शिडाच्या शर्यतीत या चुकीला कुणी शिट्टी वाजवत नाही. ज्याची बोट लागली त्यानं आपणहून तिथंच एक पूर्ण गिरकी घ्यायची, जाईल तो वेळ जाऊ द्यायचा आणि मग पुढं निघायचं. कुणी पाहिलेलं असो वा नसो. मीनाला हे बाराव्या वर्षी, याच हुसेनसागरवर, प्रतापरावांनीच शिकवलं होतं.

त्यांनी मागं वळून पाहिलं. नजरानजर झाली. त्यांनी दोरी धरलेला हात उंचावला, क्लबच्या फाटकात भेटल्यावर करावा तसा तिला सलाम केला, हसले आणि सरळ पुढं निघून गेले.

त्यांच्या मागोमाग भवानी होती. सोळा वर्षांची पोर, वडील कोठीच्या बाजारात जुनी पुस्तकं विकतात. जलपर्णीचा पुंजका तिच्या सुकाणूत अडकला आणि तिचीही बोट बोयाला टेकली, जेमतेम. तिनं इकडंतिकडं पाहिलंसुद्धा नाही. गिरकी घेतली. विसर्जनाला दहाच दिवस झाले होते. मखरांचं थर्मोकोल, निर्माल्य आणि पाण्यावरची हिरवी साय तिच्या बोटीभोवती गोल फिरली. वास असा उठला की मीनानं तोंडावर ओढणी धरली.

"सच्ची पोट्टी है," मोटर चालवणारा यादगिरी म्हणाला. "बडे साब नै फिरे."

प्रतापराव एका बोटीच्या अंतरानं जिंकले.

किनाऱ्यावर आल्यावर मीना आधी त्यांच्याकडं गेली. अजून वेळ होता. त्यांनी आपणहून शर्यतीतून नाव मागं घेतलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. कुणाच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं तिनं हे सांगितलं. बहात्तराव्या वर्षी असं राहून जातं माणसाकडून, हे निमित्तही तिनंच पुरवलं.

प्रतापराव नळाखाली पाय धूत होते. पायाला साबण घासत त्यांनी विचारलं, "लागली? कुठं लागली?" मग मान वर करून म्हणाले, "मीना, तुझा चष्मा बदल."

आवाजात राग नव्हता, ओशाळेपण तर नव्हतंच. खोटं बोलताना माणसाचा चेहरा कुठंतरी हलतो असा तिचा समज होता. हा चेहरा स्वच्छ होता.

तिनं तक्रारीचा कागद भरला. समितीत तिघं होते आणि तिघंही कधी ना कधी प्रतापरावांच्या हाताखाली शिकलेले. अध्यक्ष अनिलनं तिला समजुतीच्या सुरात सांगून पाहिलं: हंगामाची पहिली शर्यत, त्यांच्या पन्नास वर्षांचा सत्कार, आणि पत्रकातला त्यांच्यावरचा मजकूर तर तूच लिहिलेला. ती हलली नाही. तेव्हा त्यांनी यादगिरीला बोलावलं.

यादगिरी ओल्या पँटनं उंबऱ्याबाहेर उभा राहिला, कारण आत गालिचा होता. त्यानं मीनाकडं पाहिलं, मग गालिच्याकडं. आपण इंजिनाकडं बघत होतो, असं म्हणाला. प्रतापरावांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गरिबाला कशाला मध्ये ओढता म्हणून मीनालाच हळुवार दटावलं. पाच मिनिटांत तक्रार फेटाळली गेली.

मग हिरवळीवर जेवणं झाली. वारा फिरला की नाल्याचा भपका टेबलांवर येई, बायका नाकाला रुमाल लावून हसत, आणि पुन्हा बिर्याणी वाढली जाई. चषक घेऊन प्रतापराव बोलायला उभे राहिले. या खेळात पंच लागत नाही, म्हणाले, पंच आपल्याच बोटीत बसलेला असतो. टाळ्या पडल्या. मग त्यांनी भवानीला नावानं पुढं बोलावलं. "आज मी मागं वळून बघितलं, तर ही पोरगी एकटी गिरकी घेत होती. कुणीही बघत नव्हतं. मला वाटलं, माझं शिकवणं फुकट नाही गेलं."

भवानीच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोटोसाठी तो तसाच ठेवून थांबले.

मीना खुर्चीतून उठली. तिला फाटकापर्यंत पोचायचं होतं, बस. पण प्रतापराव हातात वाटी घेऊन तिच्याच दिशेनं येत होते. खुबानीचा मीठा, पाकात शिजवलेले जर्दाळू, वर मलई. आसपासची बोलणी थांबली. सकाळच्या तक्रारीची खबर एव्हाना प्रत्येक टेबलावर पोचली होती.

"रुसू नको, हौ?" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "चूक होते माणसाकडून. मी मनावर घेतलेलं नाही."

त्यांनी वाटी पुढं धरली. अनिलची बायको कौतुकानं बघत होती. भवानीही बघत होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता, ती नुसती हसत होती. मीनानं वाटी घेतली. चमचा तोंडात घातला. जर्दाळू कोमट, गिळगिळीत लागला. तिनं तो खाली ढकलला.

"गोड झालंय ना?"

"हो सर," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या वाटीत आणखी एक चमचा मलई घातली.