तिसरा वूफर

"हाही नाही," नरहरी म्हणाला, आणि दुसरा वूफरही गाडीतून बाहेर गेला.

मे महिन्याची दुपार होती. भिलाईत पावर हाउस भागातल्या बाजारात नरहरीची मारुती दुकानाकडे तोंड आणि रेल्वेलाइनीकडे पाठ करून उभी होती. काचा बंद, कॅसेट चालू. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नरहरी डोळे मिटून बसला होता. आवाज पारखायला डोळे मिटावे लागतात, असं त्याचं मत होतं.

कान मिलमध्ये तयार झालाय, असं तो सगळ्यांना सांगायचा. पोलादाच्या प्लांटमधल्या रोलिंग मिलने इतरांच्या कानांचं जे केलं तेच त्याच्याही कानांचं केलं होतं. फक्त तो त्याला रियाज म्हणायचा.

हे सगळं हिरालालमुळे सुरू झालं. रिसालीच्या वस्तीत नरहरीच्या समोरच्या घरात राहणाऱ्या हिरालालने आपल्या गाडीच्या डिकीत पेटीएवढा वूफर बसवला. तो ड्यूटीवरून आला की गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. डिकीत जागा न उरल्याने त्याची स्टेपनी मागच्या सीटवर पाहुण्यासारखी बसून फिरायची, पण तिच्याकडे कोण बघतो? नरहरीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्याने पानठेल्यावर चारचौघांत जाहीर करून टाकलं, की मी सीटखाली मावेल एवढाच वूफर आणीन आणि हिरालालपेक्षा जास्त, छाती हादरवणारी धमक काढून दाखवीन. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असंही वर जोडलं. आता मागे फिरायची सोय राहिली नव्हती.

शेजारी कमलिनी मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. पर्समधले पैसे कूलरचे होते. मागचा उन्हाळा तिने खिडकीला ओल्या चादरी लावून काढला होता. भांडून भांडून नवरा-बायकोत एकच तह झाला होता: लहान वूफरमधून धमक निघाली तर वूफर, नाही निघाली तर सरळ शेजारच्या दुकानातून कूलर. दोन वूफर नापास झाले होते. कमलिनीला कूलरच्या खसच्या ताट्यांचा वास आत्ताच यायला लागला होता.

मागच्या सीटवर तिची आई भागीरथाबाई, लाखांदूरकडच्या खेड्यातून आठ दिवसांसाठी आलेली. ती आल्यापासून नीट झोपली नव्हती. इथं रात्रभर भुई हालते, असं तिचं म्हणणं. घरातल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि विचारलं, कुठं हालते? प्लांटची घरघर, लोहखनिजाच्या मालगाड्या, हे भिलाईच्या माणसाला ऐकूच येत नाही. आपलं घोरणं आपल्याला कुठं ऐकू येतं? म्हातारीचं वय झालं, असं ठरवून सगळे मोकळे झाले. भागीरथाबाई जुन्या वळणाची. जावयाशी थेट बोलायची नाही. काय असेल ते लेकीच्या कानावर घालायची, जावई समोर बसलेला असला तरी.

दुकानदार शामसुंदरने तिसरा वूफर सीटखाली सरकवला, दार लावलं आणि काहीतरी आणायला पुन्हा दुकानात गेला. नरहरीला धीर कुठला? त्याने आवाज पूर्ण चढवला आणि डोळे मिटले.

क्षणभर वेगळं काहीच झालं नाही. मग धमक आली. आधी तळव्यांत आली, मग सीटमधून पाठीत चढली. आरसा थरथरला. डॅशबोर्डवरचा गणपती हलायला लागला. कमलिनीच्या बांगड्या आपोआप किणकिणल्या.

"पायलं का?" नरहरी डोळे न उघडताच म्हणाला. "छातीत धडकून राहिलं. हाच घेतो."

कमलिनीने बांगड्यांवर हात ठेवला. खोटं तरी कसं बोलणार? धमक तिलाही लागत होती. आणखी एक उन्हाळा ओल्या चादरींचा.

शामसुंदर धावत बाहेर आला. त्याच्या हातात वायरचं भेंडोळं होतं. कमलिनीकडून काच खाली करवून तो म्हणाला, "साहब, अभी तो..."

नरहरीने हात वर करून त्याला गप्प केलं. तबला ऐकताना मध्ये कोणी बोललं तर जाणकार करतो, तसं. धमक हळूहळू विरत गेली. मग त्याने कॅसेट बंद केली, डोळे उघडले आणि सांगितलं, की दुसरं काही दाखवू नका, असा वूफर मी आयुष्यात ऐकला नाही, हाच बांधा.

शामसुंदरने एकदा नरहरीकडे पाहिलं, एकदा हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग वायर पाठीमागे नेली आणि म्हणाला, गिऱ्हाइकाची पारख असावी तर अशी.

कमलिनीने पर्सची चेन उघडली. नोटा बाहेर काढताना तिने शेजारच्या दुकानाकडे बघायचं टाळलं.

भागीरथाबाई इतका वेळ मागच्या काचेतून रुळांकडे बघत बसली होती. ती वळली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जावयाच्या कानामागे हातभर अंतरावरून लेकीला म्हणाली:

"कमल, जवाईबापूले सांग बाई, डबा खुशाल घ्या. पण मांगून आता जे मालगाडी गेली, तेबी संगं घ्याच लागन. धमक तिचीच होती."