रातव्याचा निकाल

“पहिल्या पिक्चरमधलाच खरा रातवा!” शायमाने कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. “ते धुकं, ते उंच मनोरे, घंटाघरावरून उडी मारतो तेव्हा मागे पसरलेला तो काळा झगा. चेहरा दिसतच नाही त्याचा. अंगावर काटा येतो यार.”

“चेहरा दिसत नाही, कारण लाइटचं बिल भरलं नव्हतं त्यांनी,” संघर्ष म्हणाला. “नवा पिक्चर बघ. त्यातला रातवा माणूस वाटतो. मार खातो, स्वतःची जखम स्वतः शिवतो. मुखवट्याखाली खाज सुटते त्याला!”

“सुपरहिरोला खाज? शी!”

दोघांच्या मधोमध सुभाषराव बसले होते. जो बोलेल त्याच्याकडे मान वळवत होते. शिरवणे गावात त्यांची व्हिडिओ लायब्ररी होती, तेव्हा ही दोघं शाळेत जात. रातव्याच्या पहिल्या पिक्चरची कॅसेट या दोघांनी नेऊन नेऊन झिजवली. पुढे कॅसेट गेल्या, लायब्ररीही गेली. शायमा लग्न होऊन खांदेश्वरला गेली, संघर्ष ऐरोलीत नोकरीला लागला. मग रातव्याचा नवा पिक्चर आला आणि भांडण सुरू झालं. दरवर्षी दिवाळीच्या फराळाला दोघं नेरूळला सुभाषकाकांच्या फ्लॅटवर यायची, भांडायची आणि निकाल मागायची. काका म्हणायचे, “आधी कॅसेट रिवाइंड करून आणा, मग निकाल.”

यंदा काकांच्या पत्नी वैजयंतीबाईंनी दिवाळीची वाट पाहिली नव्हती. मुद्दाम फोन करून दोघांना बोलावून घेतलं होतं.

गणपतीपासून सुभाषराव बायकोला ओळखत नव्हते. पेपर वाचत, सोसायटीच्या वॉचमनला नावाने हाक मारत. वैजयंतीबाईंना मात्र ‘बाई’ म्हणत, ‘तुम्ही’ म्हणत. ‘आमची ही माहेरी गेलीय, येईल आता,’ असं त्यांनाच सांगत. “अहो, मीच ती!” असं वैजयंतीबाई रोज म्हणत. ते सभ्यपणे हसत. उगाच ओळख काढणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पूर्वी हसत, तसंच. वाद घालू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ज्या संसाराचा चमचा न् चमचा आपण मांडला, तिथं पाहुणी म्हणून कसं राहायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

जुनी गिऱ्हाइकं येतील, जुनं भांडण होईल. त्यात यांना काहीतरी आठवेल. एकदा ‘वैजू’ म्हणतील. तेवढ्यासाठी आज त्यांनी मोरपंखी साडी काढली. लायब्ररीच्या गल्ल्यावर बसायच्या तेव्हा नेसायच्या, तीच. अबोलीचा गजरा माळला. आरशात पाहिलं आणि त्यांचाच गोंधळ उडाला. गजरा तोच होता. केस कुणा दुसरीचे होते.

त्या पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. सुभाषरावांची नजर साडीवर थांबली.

“छान आहे साडी,” ते म्हणाले. “आमच्या हिच्याकडे अगदी अशीच आहे, बाई.”

शायमाने मान खाली घातली. संघर्षने भांडणच पुढे रेटलं.

“काका, आज निकाल देऊनच टाका. पहिला रातवा की दुसरा?”

“म्हणजे दोन रातवे आहेत?”

“एकच हो काका. दाखवलाय वेगळा,” शायमा म्हणाली.

“एक कसा? चेहरा वेगळा, चाल वेगळी.” सुभाषराव तळहात एकमेकांवर चोळू लागले. “आमच्याकडे पण तसंच झालंय. दोन वैजयंती आहेत.”

वैजयंतीबाईंच्या हातातला डाव पोह्यांतच राहिला.

“पहिली फार देखणी,” ते म्हणाले. “लाइट गेले की मेणबत्ती घेऊन दुकानाच्या दारात उभी राहायची. ही एवढी वेणी, त्यावर अबोली. चालायची तर पाऊल वाजायचं नाही. मला वाटायचं, ही खरंच माझी? का दिवे आल्यावर जाईल?” त्यांनी संघर्षकडे पाहिलं. “तिला काही खाजबीज सुटत नसेल.”

संघर्षला हसू फुटलं. त्याने ते गिळलं.

“आणि दुसरी?” शायमाने हळूच विचारलं.

“या बाई. या पण स्वतःला वैजयंतीच म्हणवतात. म्हणू देत. यांचे गुडघे वाजतात, पलीकडच्या खोलीतून कळतं, आल्या. ओरडतात किती! गोळी गिळली का म्हणून जीभ बाहेर काढायला लावतात. मी बाथरूममध्ये पडलो, तर एकटीने उचललं मला. यांच्या हाताला खोक पडली. म्हणतात काही नाही, काही नाही. स्वतःच कापूस बांधत बसल्या.”

वैजयंतीबाईंनी पदर मनगटावर ओढला. ‘अहो, दोघी मीच,’ हे वाक्य ओठांवर आलं. रोजचंच होतं. पण आज ते बाहेर पडेना. कोणी जिंकावं असं आपल्याला वाटतंय, हेच त्यांना कळेना. पहिली जिंकली तर आपण कुणीच नाही. दुसरी जिंकली तर मोरपंखी साडीतली ती पोर गेली.

“मग निकाल काय?” शेवटी त्यांनीच विचारलं.

सुभाषरावांनी फ्लॅटच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. तरी त्यांनी वैजयंतीबाईंना खुणेने जवळ बोलावलं. त्या वाकल्या. गुडघे वाजले.

“तुम्ही,” ते कुजबुजले. “पण ती माहेराहून आली की यातलं काही बोलू नका हं, बाई. वाईट वाटेल तिला.”