वाढलेल्या प्लेटलेट्स

शिंप्याच्या रक्तात प्लेटलेट्स फार वाढल्या होत्या आणि तो ते गल्लीभर मिरवत होता. "लोकांच्या घटतात, माझ्या वाढल्या. रक्तच तसं दमदार." बायको मनात म्हणाली, उथळ पाण्याला खळखळाट फार. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, या पेशी जखम बुजवतात. पण कर्करोगाच्या पेशी त्यांनाच अंगावर ओढून रक्तातून फिरतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतात. एवढ्या वाढल्या की कुठे गाठ लपलीय का, ते बघावं लागतं. खोकताना रक्त पडतं का?" "छे, काहीतरीच," शिंपी छाती काढून म्हणाला. बायकोने त्याच्याकडे पालीकडे बघावं तसं बघितलं. "यांना कशाला विचारता, बाई? चोराला पांघरूण घालणाऱ्या पेशी यांच्याच ना? उभ्या जन्मात स्वतःचा बनियन न पिळलेला हा माणूस हल्ली पहाटे उठून, न्हाणीघराला कडी लावून, आपले रुमाल आपणच धुतो."