कार्डावर गुडघा होता

दोन बाकं जोडून खाट केली होती. तिच्यावर चादर अंथरून काकू आडव्या झाल्या. उशी नव्हती म्हणून त्यांनी गीतांचं जाडजूड पुस्तक डोक्याखाली घेतलं, आणि वर्ग हसला.

"हसायचं नाही," पाळक म्हणाले. "आजाऱ्याच्या खोलीत आहात तुम्ही."

आजाऱ्यांना भेटायला कसं जावं, हे शिकवणारा हा चर्चमधला तास होता. वर्गात मंडळीतलेच काही जण होते: एक शिंपी, एक गॅरेजवाला, शाळेतल्या एक बाई. आणि पुढे दीक्षा घेऊन पाळक होणारा एक तरुण. त्याला सगळे आतापासूनच 'छोटे पाळक' म्हणत. शिकवणारे पाळक म्हणजे काकूंचे यजमान. दर तुकडीला आजारी पडायचं काम काकूंचं. रविवारी मुलांना गोष्ट सांगताना त्या सिंह होत, कोकरू होत, एकदा तर गाढवही झाल्या होत्या. त्यांच्याइतकं सोंग कुणाला जमणार?

फळ्यावर पाळकांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: विचारा. ऐका. मध्ये बोलू नका. शेवटचं वाक्य परत म्हणा, म्हणजे ऐकलंत हे त्यांना कळेल. मग प्रार्थना.

काकूंच्या हातात कोणतं दुखणं वठवायचं ते लिहिलेलं नेहमीचं कार्ड होतं. गुडघेदुखी. उपासनेला जाता येत नाही याची खंत.

छोटे पाळक खुर्ची ओढून जवळ बसले. "कसं वाटतंय, काकू?"

काकूंनी कार्ड पालथं करून पोटावर ठेवलं.

"गाठ आहे. काखेत."

"गाठ आहे काखेत," छोटे पाळक म्हणाले.

"आधी वाटाण्याएवढी होती. आता हात वर केला की ओढतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार उशीर केलात. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या."

"घरच्यांना घेऊन या म्हणाल्या."

"घरी एकच माणूस आहे. त्यांना सांगितलं नाही अजून."

"सांगितलं नाही अजून."

"सांगायला बसावं, तर ते चप्पल शोधत असतात. कुठेतरी कुणीतरी आजारी असतं. त्याला भेटायला जायचं असतं."

वर्गात खसखस पिकली. "सर, सापडलात!" गॅरेजवाला मागून म्हणाला. पाळकही मोकळेपणी हसले. ते खिडकीशी उभे राहून बघत होते. हसता हसता त्यांनी घड्याळ पाहिलं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि छोट्या पाळकांना सोडून थेट खिडकीकडे बघत म्हटलं, "भीती वाटते हो."

छोटे पाळक वाक्य परत म्हणायला गेले आणि अडले. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. शाळेतल्या बाईंनी डोळे टिपले. कुणी खुर्ची हलवेना.

"थांबा," पाळक म्हणाले.

काकू कोपरावर उठल्या.

"वेळ झाली." पाळक खिडकीपासून फळ्याकडे आले. "छोटे पाळक, हात धरलात हे छान. पण प्रार्थना राहिली. आणि नेमकं शेवटचं वाक्य परत म्हटलं नाहीत. 'भीती वाटते', हेच तर पकडायचं होतं! लक्षात घ्या, आजारी माणूस दुखणं कधी सरळ सांगत नाही. बोलता बोलता मध्येच टाकून जातो. आपला कान तिथं हवा."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

"पण सर, कार्डावर गुडघा होता," शिंपी म्हणाला.

"काकूंनी आज कठीण पेपर काढला," पाळक म्हणाले. "सेवेत असंच होतं. आपण गुडघा समजून जातो आणि निघतं भलतंच."

तास सुटला. छोटे पाळक दारापर्यंत गेले आणि परत आले. "काकू, क्षणभर मला खरंच वाटलं हो."

"मग पास झालास," काकू म्हणाल्या आणि उजव्या हाताने त्याची पाठ थोपटली. तो खूश होऊन गेला.

पाळक फळा पुसू लागले. "आज कमाल केलीस हं. पुढच्या तुकडीलाही गाठच ठेव. गुडघ्याला कुणाचे डोळे भरत नाहीत."

"पुढची तुकडी कधी?"

"पुढच्या वर्षी. याच सुमाराला."

"मग दुसरं कुणीतरी बघून ठेवा."

"झालं! जरा कौतुक केलं की लगेच भाव खायचा." पाळकांनी हात झटकले, खडूची धूळ उडाली. मग ते टेबलाखाली वाकून बघू लागले. "माझी चप्पल कुठे गेली?"

"दाराशी आहे."

"येतो गं. दवाखान्यात एक जण वाट बघत असेल."

काकूंनी बाकांवरची चादर उचलली. दुहेरी चादर होती, तिची घडी दोघांनी घालायची. दोन टोकं पुढे करून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाहेर चपलांचा आवाज लांब गेला. मग त्यांनी एक टोक हनुवटीखाली दाबून धरलं, आणि डावा हात जाईल तेवढा वर नेला.